परळची पोलिओ प्रयोगशाळा : बेचाळीस दिवसांचे एकवीस

लहान मूल अचानक लुळं पडलं की त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींत किमान चोवीस तासांचं अंतर ठेवायचं आणि लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत हे काम उरकायचं, हा नियम देशभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पाठ आहे. नमुने बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातात. या प्रयोगशाळांच्या जाळ्यातलं मुख्य ठाणं मुंबईत परळला, हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. १९४९ साली पोलिओ संशोधनासाठी सुरू झालेलं हे केंद्र पुढे ‘एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून जगभर ओळखलं गेलं. आज ते राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मुंबई केंद्र आहे.

माणसाला बाधणाऱ्या एंटेरोव्हायरसचे शंभरावर प्रकार आहेत. पोलिओचे त्यातले फक्त तीन. लहान मुलांच्या आतड्यात हे विषाणू एरवीही असतात, त्यामुळे नुसता ‘विषाणू आहे’ एवढ्या उत्तराने भागत नाही. तो कोणता, आणि पोलिओचाच असेल तर जंगली की लशीतला, हे सांगावं लागतं.

सुरुवात हातकामाने होते. नळीत साधारण दोन ग्रॅम शौच, दहा मिलिलिटर क्षारद्रावण, काचेचे मणी आणि एक मिलिलिटर क्लोरोफॉर्म घालतात. झाकण घट्ट लावून नळी यंत्रावर वीस मिनिटं जोरात हलवतात. मण्यांनी मळ फुटतो, क्लोरोफॉर्मने जिवाणू आणि बुरशी मरते. एंटेरोव्हायरसला मेदाचं आवरणच नसल्यामुळे तो मात्र शाबूत राहतो. मग सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फिरवून वरची निवळ काढून घेतात आणि ती जिवंत पेशींवर सोडतात.

पेशी दोन तऱ्हेच्या असतात. ‘आरडी’ या मानवी पेशींवर अनेक एंटेरोव्हायरस वाढतात. ‘एल२०बी’ मुळात उंदराच्या. पोलिओचा विषाणू ज्या ग्राहकाला धरून माणसाच्या पेशीत शिरतो, तो ग्राहक जनुकीय तंत्राने त्यांच्यात बसवला आहे. म्हणून पोलिओला तिथे दार उघडं मिळतं आणि बाकीचे बहुतेक बाहेरच अडतात. ३६ अंशांवर ठेवलेल्या या नळ्या तंत्रज्ञ रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काचेला चिकटून सलग पसरलेल्या पेशी विषाणू लागला की गोल होतात, चमकू लागतात आणि एकेक करत सुटून द्रवात तरंगतात. पाच दिवस एका पेशींवर, पुढचे पाच दुसऱ्या. हा बदल नेमका ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि या नजरेचं मोल यंत्राहून कमी नाही.

पूर्वी या साऱ्या तपासणीला, जंगली की लशीतला या निवाड्यासकट, बेचाळीस दिवस लागत. २००६-०७च्या सुमारास पेशींचा क्रम बदलला, निरीक्षणाचे दिवस कमी केले आणि मुदत एकवीस दिवसांवर आली. पुढे रिअल-टाइम आरटी-पीसीआरमुळे जेलवर पट्टे वाचत बसण्याचं कामही गेलं. चक्रागणिक वाढणारा प्रकाश पडद्यावर दिसतो. वाचलेले हे तीन आठवडे गावपातळीवर फार मोठे होते. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशेंपैकी एकालाच लुळेपणा येतो. एक रुग्ण दिसेपर्यंत विषाणू शेकडो घरांत फिरलेला असतो. अहवालाला उशीर म्हणजे डोसच्या मोहिमेला उशीर. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२. शेवटचा जंगली विषाणूचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. श्रेय लशीचं आणि घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्यांचं आहेच. पण कुठल्या वस्तीत जायचं हे प्रयोगशाळेने वेळेत सांगितलं, याची दखल फारशी घेतली जात नाही.

मुंबईत तर रुग्णाचीही वाट पाहिली जात नव्हती. २००१पासून शहराच्या सांडपाण्याचे नमुने इथे तपासले जाऊ लागले. विषाणूच्या ‘व्हीपी१’ या सुमारे नऊशे अक्षरांच्या जनुकभागात वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो. त्यामुळे नाल्यातला विषाणू उत्तर प्रदेशातल्या वंशाचा की बिहारमधल्या, हे सांगता येत असे.

रुग्णालयातली निकड वेगळी असते. मेंदूज्वराने फणफणलेल्या बाळाच्या पाठीतलं पाणी काढलं की डॉक्टरांना उत्तर तासांत हवं असतं. विषाणूच्या जनुकसाखळीच्या सुरुवातीचा भाग सगळ्या एंटेरोव्हायरसमध्ये जवळपास सारखाच असतो. तो हेरणाऱ्या ‘एक्सपर्ट ईव्ही’ या कार्ट्रिज चाचणीला २००७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अडीच तासांत उत्तर मिळतं. एंटेरोव्हायरस निघाला आणि बाळाची एकूण लक्षणंही जुळली, तर अनावश्यक प्रतिजैविकं थांबवता येतात. प्रकार मात्र ती सांगत नाही. त्यासाठी पुन्हा ‘व्हीपी१’कडेच वळावं लागतं.

आता पेशी वाढवण्याची पायरीच वगळायचा प्रयत्न चालू आहे. काँगोतल्या किन्शासा इथे शौचातून थेट ‘व्हीपी१’च्या प्रती काढून, हातात मावणाऱ्या नॅनोपोर यंत्रावर वाचल्या गेल्या. रूढ पद्धतीपेक्षा सरासरी तेवीस दिवस वाचले. यात आणखी एक लाभ आहे. पोलिओ जगातून जवळपास हटलेला असताना तपासणीसाठी तो प्रयोगशाळेत जिवंत वाढवणं हाच एक धोका ठरतो. थेट तपासणीत तो वाढवावा लागत नाही.