विश्लेषण : मूत्राशय काढले, तरी मुतखडा का होतो?

भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या डोंगराळ भागातही टंचाई असते. अशा दिवसांत लोक पाणी कमी पितात. कर्करोगामुळे मूत्राशय काढलेल्या रुग्णाला ही काटकसर महागात पडू शकते.

मूत्राशयाशिवाय लघवी कुठे जाते?

लहान आतड्याच्या साधारण १५ ते २० सेंटीमीटर तुकड्यातून मार्ग काढून लघवी पोटावरील पिशवीत सोडली जाते. काही रुग्णांत आतड्याच्या जास्त लांब तुकड्याचे नवे मूत्राशय बनवतात.

मग खडे कशामुळे?

आतडे चिकट स्राव सोडत राहते. लघवी साचली की त्यावर क्षार जमतात. काही जिवाणू लघवीतील युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यानेही खडे बनतात. शिवाय आतडे लघवीतील काही घटक पुन्हा शोषते, रक्तातील आम्लता वाढते आणि खडे रोखणारे सायट्रेट घटते. त्यात पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते. हे सारे हळूहळू घडते. म्हणून खडा अनेकदा काही वर्षांनी सापडतो.

लक्षणे कोणती?

वारंवार संसर्ग, लघवीत रक्त, कुशीत दुखणे, पिशवीत लघवी कमी येणे. नव्या मूत्राशयातला खडा कधी कधी दुखतही नाही. त्यामुळे बरे वाटत असले, तरी डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नये.

काय जपावे?

दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हात, वीटभट्टीवर किंवा शेतात काम असेल तर आणखी. हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असल्यास प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. टँकर आला की रुग्णाचे पिण्याचे पाणी आधी वेगळे काढून झाकून ठेवावे. नवे मूत्राशय असेल, तर घड्याळ लावून, रात्रीही उठून ते रिकामे करावे. कॅल्शियम किंवा सोड्याच्या गोळ्या मनाने सुरू वा बंद करू नयेत.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी थांबली, तर सकाळची वाट पाहू नका. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या आणि ‘मूत्राशय काढलेले आहे’ हे सर्वांत आधी सांगा.