शिरूरच्या उसाचे पाणी शोधत आहुप्याच्या घाटाने

शिरूर तालुक्यातल्या आमच्या एका मित्राचा चार एकर ऊस डिंभे धरणाच्या उजव्या कालव्यावर आहे. आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचे, टेलला पाणी पोचणार की वरचेच लोक दाबून घेणार, यावर त्याचे वर्षाचे गणित बसते किंवा फसते. पाण्यासाठी त्याने मोर्चे काढले, कालव्यावर रात्री जागवल्या. पण हे पाणी मुळात येते कुठून, ते कधी पाहिले नव्हते. "एकदा पार वरपर्यंत जाऊन येऊ," असे त्याचे बरेच दिवस चालले होते. भाताची सोंगणी सुरू झाली, सकाळचा गारठा पडू लागला, तसे आम्ही चौघे निघालो. एक हा ऊसवाला, एक निवृत्त ग्रामसेवक, एक शाळामास्तर आणि प्रस्तुत लेखक.

घोडनदीचा उगम आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे येथे. घोडेगाव, डिंभे करत तिथवर एसटीने जाता येते. पण नदीचा जन्म समजून घ्यायचा तर डोंगर दोन्ही अंगांनी पाहिला पाहिजे, असे मास्तरांचे म्हणणे पडले. म्हणून आदल्या संध्याकाळी माळशेज उतरून मुरबाडमार्गे खोपिवली गाठले. ठाणे जिल्ह्यातले हे गाव सह्याद्रीच्या भिंतीला अगदी टेकून आहे. ओळखीच्या घरी पडवीत पथारी टाकली आणि उजाडताच घाटाला लागलो.

आहुप्याचा घाट म्हणजे डांबरी रस्ता नव्हे, पायवाट. सुरुवातीला साग, ऐन, कुड्याचे रान, मग कारवीचे दाट जाळे आणि वर दगडगोट्यांची नाळ. ओझे नसलेल्या माणसाला तीन तासांची चढण. आम्हाला साडेतीन लागले, त्यात अर्धा तास ऊसवाल्याचा. वाटेत डोक्यावर गाठोडे घेतलेली एक मावशी खालून आली आणि आम्हाला मागे टाकून गेली. आहुप्याला लेकीकडे चालली होती. "रस्त्यानं गेलं तर माळशेजचा येढा. दिस जातो," एवढेच बोलली आणि वळणाआड झाली. जिल्ह्याची हद्द कागदावर या कड्यावरून जाते, सोयरिकी मात्र खालीवर आहेत. म्हशाची यात्रा भरली की वरची माणसे बैल, घोंगड्या बघायला याच वाटेने उतरतात. घाटवाट म्हणजे शहरी पोरांची हौस, एवढाच समज असेल तर तो बाजूला ठेवावा. हा गावांचा रस्ता आहे. पावसाळ्यात दरडीने नाळ बुजली, तर ती मोकळी करायला गावकरीच हात लावतात.

वर कड्यावर पोचलो की एकदम सगळे उघडे होते. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, डावीकडे सिद्धगड. २ जानेवारी १९४३ रोजी याच सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे क्रांतिकारक इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मास्तरांनी तिथेच टोपी काढली. आम्हीही थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

ऊसवाल्याचे लक्ष मात्र पायाखाली होते. कड्याच्या अलीकडे पडलेले पाणी पूर्वेला वळते, पलीकडचे खाली कोकणात कोसळते. अलीकडचे घोडनदी होऊन डिंभ्यात, तिथून शिरूरच्या बाजूला जाऊन भीमेला आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला. पलीकडचे उल्हास नदीतून अरबी समुद्राला. मधले अंतर चार पावलांचे. "म्हणजे ढग चार पावलं पुढं गळला की आमचा ऊस, मागं गळला की कल्याण-ठाणं," असा त्याने हिशेब लावला. हिशेब चुकीचा नव्हता.

या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. शिरूरकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. डिंभे धरणाची, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू जलाशयाची, साठवण साडेतेरा टीएमसीच्या घरात आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे मिळून कुकडी प्रकल्प. त्याच्या पाण्यावर जुन्नर, आंबेगाव, शिरूर तर भिजतातच, पण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि सोलापुरातले करमाळाही वाट पाहत असतात. आवर्तनाच्या बैठकीत एवढ्या तालुक्यांची नावे निघतात. आहुप्याचे नाव तिथे कोणी काढल्याचे निदान आमच्या कानावर नाही.

गाव लहान. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरे, त्यांत सोंगणी चाललेली. ओटीवर बसलेल्या एका वृद्ध बाबांनी पाणी दिले, गुळाचा खडा दिला. ऊसवाला सहज म्हणाला, "बाबा, एवढी नदी तुमच्या दारात जन्मते. भाग्यवान आहात." बाबा हसले. "आत्ता या, बरं दिसतंय. शिमगा झाल्याव या. हंड्यामागं किती चालाया लागतं ते बघा. पानी आमच्या दारातनं जातंय, राहत न्हाय."

यात अतिशयोक्ती नाही. काळा फत्तर, त्यावर वीतभर माती आणि तीव्र उतार. पावसाचे पाणी मुरायला जागाच कमी. जूनपासून चार महिने धो धो, आणि फाल्गुन-चैत्रात झरे आटले की वाड्यावस्त्यांवर टँकरची मागणी. धरण भरते ते यांच्या डोक्यावरच्या पावसाने, आणि टँकरची वाटही हीच माणसे बघतात. ऊसवाला यावर काही बोलला नाही. गुळाचा खडा मात्र त्याने बराच वेळ हातातच धरून ठेवला.

पाणी मुरवणारी गोष्ट इथे एकच, ती म्हणजे रान. गावालगत भैरवनाथाची देवराई आहे. आत शिरले की उन्हाचा पत्ता नाही. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनीची जुनी झाडे, मांडीएवढ्या जाड वेली. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो आणि खालची माती ओली लागते. बाहेर शंभर पावलांवर तीच माती टणक. वर फांदीवरून एक शेकरू आमच्यावर ओरडत होता. १९८५ साली जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य याच शेकरूसाठी ओळखले जाते. पण अभयारण्य येण्याच्या कितीतरी आधी गावाने देवाच्या नावावर हा तुकडा राखला होता, हे आपण अधिकारी मंडळींनी ध्यानात ठेवावे, असे निवृत्त ग्रामसेवक म्हणाले. नोकरीत असताना हे बोलले असते तर अधिक बरे, असे मास्तर हळूच पुटपुटले.

देवराईतून निघून आम्ही नदीच्या अंगाने खाली चालू लागलो. नदी कसली, उडी मारून ओलांडता येईल असा ओढा. बांधाबांधावर हिरड्याची झाडे. भात घरी खायला, पैसा हिरड्याचा, असा इथला संसार. कोवळेपणी काढून वाळवला तो बाळहिरडा, त्याला भाव चांगला. पक्का झाला की भाव उतरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातले हिरडे मोठ्या प्रमाणावर मोडले. आंबा किंवा ऊस पडला तर त्याला पीक म्हणतात. हिरड्याला पीक मानून भरपाई मिळावी, यासाठी इथल्या लोकांना आंदोलने करावी लागली. हिरड्याला फळावर यायला वर्षे लागतात. मोडलेल्या झाडाची जागा एका हंगामात भरत नाही.

माळीण याच खोऱ्यातले. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर खाली आला आणि १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही म्हणून बाहेर पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने. उतारावर खाचरे पाडण्याच्या कामाला इकडे पडकई म्हणतात. पूर्वी दहा घरची माणसे एकत्र येऊन दगडावर दगड रचून ती करत. पुढे काही ठिकाणी यंत्राने उतार कापले गेले आणि माळीणनंतर त्यावर बरीच टीका झाली. कारणे अनेक असतील, पाऊसही भयंकर होता. पण हाताची पडकई आणि जेसीबीची पडकई यांत फरक आहे, हे वाटेत भेटलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने आम्हाला न विचारता सांगितले. रोजगार हमीत अशी कामे मंजूर करणाऱ्यांनी तो फरक जागेवर येऊन पाहावा. दगडी बांधातून पाणी झिरपते. मातीचा उभा काप भिजून सरळ बसतो.

दिवस कलताना डिंभ्याच्या फुगवट्याचे पाणी दिसले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठचे विस्थापित गाळपेर करतात. हटणारे पाणी म्हणजे खाली सुटलेले आवर्तन. म्हणजे शिरूरची वेळ आणि यांची पेरणी एकाच दोरीला बांधलेली.

ग्रामपंचायतींसाठी एक गोष्ट मुद्दाम. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे पेसा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभेला करता येतो, आणि कलम ५ प्रमाणे रान, पाणलोट, जैवविविधता राखण्याचा अधिकारही ग्रामसभेचा आहे. अलीकडे श्रावणात धबधबे पाहायला गाड्यांची रांग लागते. बाटल्या आणि पिशव्या ओढ्यात राहतात, त्याच डिंभ्यात येतात. वनखाते पावसाळ्यात काही वाटा बंद ठेवते, पण गावाने ठराव करून वाटाड्या, जेवण, कचरा यांचे नियम लावले तर पैसा गावात राहील आणि ओढाही. दाव्याला सीमांचा कच्चा नकाशा, ज्येष्ठांचे जबाब आणि ग्रामसभेचा ठराव लागतो. दावा प्रथम वनहक्क समितीकडे, तेथून ग्रामसभेच्या ठरावासह उपविभागीय समितीकडे जातो. ठरावाच्या इतिवृत्ताची सहीशिक्क्याची प्रत गावाने आपल्याजवळ ठेवावी.

जाणाऱ्यांनी कार्तिक ते माघ हा काळ धरावा. चढ सकाळी लवकर सुरू करावा, प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्यावे आणि खोपिवलीतून वाटाड्या जरूर घ्यावा, कारण कारवीत वाटा फुटतात. पावसाळ्यात नाळेत दगड येतात. तेव्हा हा घाट टाळावा. परतीच्या एसटीची वेळ घोडेगावात विचारूनच निघावे.