लॅपटॉपचं एक बटण बिघडलं, तर अख्खा वरचा भाग का बदलावा लागतो?

महिनाअखेर आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डिलिव्हरी चलन बनवायचं काम सुरू आहे. टेम्पो दारात उभा आहे आणि लॅपटॉपवरचं पाचचं बटण दाबलं की कधी काहीच उमटत नाही, तर कधी दोनदा पाच उमटतो. ५० नगांचे ५५० होतात. लक्षात आलं नाही, तर तो घोळ निस्तरण्यात पुढचे दोन दिवस जातात.

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात लॅपटॉप आता फक्त ऑफिसच्या टेबलावर नसतो. तो मशीनशेजारी, स्टोअरमध्ये आणि क्वालिटी इन्स्पेक्शनच्या टेबलावरही असतो. त्यामुळे कीबोर्ड बिघडणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुरुस्तीला गेल्यावर मात्र दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, 'कीबोर्ड बदलून देतो, उद्या घेऊन जा.' दुसरं, 'कीबोर्ड सुटा येत नाही, वरचा पूर्ण भाग बदलावा लागेल.' दुसऱ्या उत्तराचं बिल पहिल्याच्या कितीतरी पट असू शकतं.

हा फरक कशामुळे पडतो? आणि तो लॅपटॉप विकत घेण्याआधीच कळू शकतो का?

बटणाखाली नेमकं काय असतं?

बहुतेक लॅपटॉपच्या प्रत्येक बटणाखाली चार गोष्टी असतात. सगळ्यात वर प्लास्टिकची टोपी. तिच्याखाली कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले दोन छोटे तुकडे. यामुळे बटण कोपऱ्यावर दाबलं तरी सरळ खाली जातं. मध्यभागी रबराचा छोटा घुमट, जो बोट उचललं की बटण परत वर ढकलतो. आणि सगळ्यात खाली मेम्ब्रेन, म्हणजे वीजवाहक रेषा छापलेल्या प्लास्टिकच्या पातळ थरांची शीट. घुमट दबला की वरच्या आणि खालच्या थरावरच्या रेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं.

चांगल्या आणि हलक्या कीबोर्डमधला फरक याच थरांमध्ये असतो. टोपी एबीएस प्लास्टिकची असेल, तर काही काळाने ती गुळगुळीत होऊन चमकायला लागते. पीबीटी प्लास्टिक जास्त टिकतं, पण लॅपटॉपमध्ये ते कमीच दिसतं. मेम्ब्रेनखालची आधाराची पट्टी पातळ असेल, तर टाइप करताना मधला भाग दबतो. बटण किती खोल जातं, याला 'की ट्रॅव्हल' म्हणतात. आजच्या लॅपटॉपमध्ये ते साधारण १ ते १.८ मिलिमीटर असतं. आकडा लहान वाटतो, पण रोज चार-सहा तास एंट्री करणाऱ्याच्या बोटांना अर्ध्या मिलिमीटरचा फरकही लगेच कळतो.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

लॅपटॉपवर ऐंशी ते शंभर बटणं असतात, पण प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. मेम्ब्रेनवर उभ्या-आडव्या रेषांचं जाळं असतं. कोणती आडवी रेषा कोणत्या उभ्या रेषेला टेकली, यावरून लॅपटॉपला बटण ओळखू येतं. हे लक्षात ठेवलं, तर बिघाडाचा अंदाज घरबसल्या घेता येतो.

एकच बटण अडकत असेल, तर बहुतेकदा खाली कचरा असतो किंवा कात्री तुटलेली असते. अनेक बटणं एकदम बंद पडली, तर मेम्ब्रेनवरची एखादी रेषा तुटलेली किंवा गंजलेली असण्याची शक्यता जास्त. अशी बटणं शेजारीशेजारीच असतील असं नाही, कारण आतल्या रेषा डोळ्यांना दिसणाऱ्या रांगांप्रमाणे जात नाहीत. सगळाच कीबोर्ड बंद असेल, तर तो मदरबोर्डला जोडणारी चपटी केबल निसटलेली असू शकते.

दुरुस्तीला जाण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. विंडोजमध्ये उजवीकडचं शिफ्ट आठ सेकंद दाबून ठेवलं, तर 'फिल्टर कीज' सुरू करण्याचा पर्याय येतो. ती सेटिंग चुकून सुरू झाली, की हलके टाइप केलेली अक्षरं उमटत नाहीत आणि बटणं मेल्यासारखी वाटतात. दुसरं म्हणजे बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडून पाहावा. तो नीट चालला, तर विंडोजमध्ये गडबड नाही, बिघाड लॅपटॉपच्या कीबोर्डमध्येच आहे असं समजायला हरकत नाही. निकडीच्या वेळी चलन काढायलाही हाच यूएसबी कीबोर्ड कामाला येतो.

शॉपफ्लोअरवर कीबोर्ड लवकर का बिघडतो?

सीएनसी मशीनच्या आसपास हवेत कूलंट आणि तेलाचे बारीक कण असतात. ते बटणांच्या कडेला बसतात आणि त्यावर धूळ चिकटते. ग्राइंडिंगच्या जागी धातूची बारीक पूड असते. ती बटणाच्या फटीतून आत सरकून मदरबोर्डपर्यंत पोहोचली, तर शॉर्ट सर्किटचाही धोका असतो.

यावर अनेक ठिकाणी कॉम्प्रेसरची एअर गन कीबोर्डवर मारली जाते. ती टाळलेली बरी. वर्कशॉपच्या हवेचा दाब जास्त असतो आणि लाइनमध्ये पाणी व तेल असू शकतं. टोप्या उडतात, कचरा आणखी आत जातो. त्यापेक्षा लॅपटॉप बंद करून, तिरका धरून मऊ ब्रश किंवा हातपंप वापरावा. मॉडेलनुसार मिळणारं पातळ सिलिकॉनचं आवरण हा सगळ्यात स्वस्त उपाय. मात्र काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतून हवा आत घेतात, त्यांच्यावर आवरण सतत ठेवू नये.

'मिलिटरी ग्रेड' लिहिलेला लॅपटॉप घेतला की काम झालं, असंही नाही. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी संरक्षण खात्याची चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. धुळीच्या जागेसाठी 'आयपी' क्रमांक पाहावा. आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण.

एका धुळीच्या कणाने ॲपललाही माघार घ्यायला लावली

धूळ आणि कीबोर्ड यांचं नातं जगाला कळलं ते ॲपलमुळे. २०१५ मध्ये कंपनीने १२ इंची मॅकबुक आणला. तो खूप पातळ करण्यासाठी कात्रीऐवजी 'बटरफ्लाय' रचना वापरली होती. बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. पण बारीक कण आत गेला तरी बटण अडकायचं किंवा एकच अक्षर दोनदा उमटायचं.

जून २०१८ मध्ये कंपनीने असे कीबोर्ड मोफत दुरुस्त करण्याची योजना जाहीर केली. २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये कात्रीची रचना परत आली. अमेरिकेतल्या ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात कंपनीने २०२२ मध्ये ५ कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली.

यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेटने पक्के जोडलेले होते. त्यामुळे पूर्ण कीबोर्ड बदलायचा तर सोबत तो अख्खा भागच बदलावा लागायचा.

सुटा कीबोर्ड आणि जोडलेला कीबोर्ड

भोसरीतल्या त्या लॅपटॉपचं बिलही इथेच ठरतं. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड दोन-चार स्क्रू आणि काही खाचांवर बसवलेला असे. स्क्रू काढले, केबल सोडवली की कीबोर्ड हातात. थिंकपॅडच्या टी मालिकेतल्या अनेक मॉडेल्समध्ये हीच पद्धत होती. अशा सर्रास मिळणाऱ्या मॉडेल्सचे पर्यायी कीबोर्ड अनेकदा हजार-दोन हजार रुपयांत मिळतात.

लॅपटॉप पातळ होत गेले तशी रचना बदलली. आता बऱ्याच मॉडेल्समध्ये कीबोर्ड वरच्या आवरणाला आतून प्लास्टिकचे ठिपके वितळवून चिकटवलेला असतो. तिथपर्यंत पोहोचायला बॅटरी, मदरबोर्ड, पंखा असं सगळं काढावं लागतं. कंपन्यांची सर्व्हिस सेंटर अशा वेळी आवरणासकट एकच सुटा भाग लावतात. काही स्थानिक कारागीर ते ठिपके तोडून नुसता कीबोर्ड बसवतात आणि पुन्हा वितळवून किंवा गोंदाने पक्का करतात. खर्च वाचतो, पण पकड सैल राहिली तर टाइप करताना कीबोर्ड मध्येच दबतो.

म्हणूनच पिंपरी-चिंचवडमध्ये जुने 'कॉर्पोरेट' लॅपटॉप घेणारे अनेक जण नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्यांना पसंती देतात. आयटी कंपन्यांनी वापरून काढलेल्या या लॅपटॉपचे भाग बाजारात सहज मिळतात.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक बटण किती मोलाचं?

सरकारी कामकाजात आणि संगणक टायपिंगच्या परीक्षेच्या तयारीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरला जातो. त्यात डाव्या हाताकडे मुख्यतः स्वरचिन्हं आणि उजव्या हाताकडे व्यंजनं असतात. इंग्रजी 'डी'च्या जागी हलन्त असतो, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह. ते एक बटण गेलं की बहुतेक जोडाक्षरं लिहिता येत नाहीत. 'पिंपरी' आणि 'चाकण' लिहिता येईल, पण 'महाराष्ट्र' लिहायला तेच बटण दोनदा लागतं.

शिवाय आपल्याकडच्या लॅपटॉपवर सहसा देवनागरी अक्षरं छापलेली नसतात. बोटं 'एफ' आणि 'जे'वरच्या उंचवट्यांवरून जागा ओळखतात. त्यामुळे बदललेल्या कीबोर्डवर हे उंचवटे स्पष्ट आहेत का, हेही पाहावं.

नवा कीबोर्ड घेताना काय तपासायचं?

लॅपटॉपचं नाव सांगून कीबोर्ड मागू नये. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळे कीबोर्ड असतात. लॅपटॉपखालचा मॉडेल क्रमांक आणि शक्य असेल तर जुन्या कीबोर्डच्या मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत खरेदी करा किंवा ऑनलाइन, जुळवायचा तो हाच नंबर.

मांडणीही पाहावी. भारतात बहुतेक लॅपटॉपवर अमेरिकी मांडणी असते, त्यात एंटरचं बटण आडवं असतं. ब्रिटिश मांडणीत ते उभं असतं आणि तीनच्या बटणावर पाउंडचं चिन्ह असतं. असा कीबोर्ड आवरणात बसतही नाही. जुन्या कीबोर्डला मागून प्रकाश असेल, तर नव्यालाही त्याची वेगळी केबल हवी. पॉवरचं बटण कीबोर्डवरच असेल, तर ते नेमक्या त्याच जागी आहे का, हेही पाहावं.

काम झाल्यावर दुकानातच प्रत्येक बटण दाबून बघावं आणि पक्कं बिल घ्यावं. बिल द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

वॉरंटी नाकारली तर?

चहा किंवा पाणी सांडून झालेला बिघाड साध्या वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पण काहीही न सांडता वॉरंटीच्या काळात बटणं बंद पडली आणि कंपनीने हात वर केले, तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी जॉबशीट घ्यावी. त्यावर तक्रार, तारीख आणि नाकारण्याचं कारण असायला हवं. पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

तिथे प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण दोन्ही पुणे जिल्ह्यात येतात. कंपनीचं मुख्यालय बंगळुरू किंवा गुरुग्रामला असलं, तरी २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार दाखल होते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

एक अट मात्र उद्योगपट्ट्यात महत्त्वाची ठरते. व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणजे मोठ्या कारखान्याने घेतलेले पन्नास लॅपटॉप वेगळे आणि स्वतः जॉबवर्क करणाऱ्याने त्याच कामासाठी घेतलेला एक लॅपटॉप वेगळा.

घेण्याआधीच कसं कळेल?

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो दुरुस्त करणं किती सोपं आहे, याचे दहापैकी गुण छापावे लागतात. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला, पण त्याचा सुरुवातीचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे.

तोवर एक सोपा मार्ग आहे. डेल, एचपी, लेनोवो यांसारख्या कंपन्या अनेक मॉडेल्सची सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर मोफत ठेवतात. पसंत पडलेल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून कीबोर्ड कसा काढायचा, ते पान बघावं. सुट्या भागांच्या यादीत कीबोर्ड स्वतंत्र असेल, तर उत्तम. 'कीबोर्डसह वरचं आवरण' असा एकच भाग असेल, तर पुढचं बिल कसं येणार, हे तिथेच कळतं.

दुकानात रॅम आणि प्रोसेसर विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा: 'याचा कीबोर्ड सुटा मिळतो का?'