सात वाजताचा भोंगा

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्यातलं तीनेक हजार वस्तीचं, उसाच्या शेतीवर जगणारं गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये या गावात देवळावरचा भोंगा संध्याकाळी ७ वाजता वाजू लागला. भोंगा झाला की घरातला टीव्ही बंद करायचा, मोबाइल बाजूला ठेवायचा आणि मुलांनी पुस्तकं उघडायची. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सगळं पुन्हा सुरू.

याचं मूळ करोनाच्या काळात होतं. शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा उघडल्या, मुलं वर्गात परतली, पण मोबाइल काही हातातून सुटेना. घरी आलं की खेळ नाही, अभ्यास नाही, नुसता पडदा. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावापुढे मांडला. १४ ऑगस्टच्या बैठकीत निर्णय झाला आणि स्वातंत्र्यदिनापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

हे एका ठरावात झालं असं मात्र नाही. पुरुष मंडळींनी सुरुवातीला ही कल्पना हसण्यावारी नेली होती. बायकांनी ती उचलून धरली. मालिकांपुढे आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. पुढे आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सात वाजता घरोघरी फिरू लागले. टीव्ही चालू दिसला की समजावून सांगायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. भोंग्याच्या बातम्या देशभर झाल्या, पण या पायपिटीशिवाय भोंगा चार दिवसांत नुसता आवाज होऊन राहिला असता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने वेगळी वाट धरली. १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचाच नाही, असा ठराव तिने केला. दोन्ही गावांची काळजी एकच, पण उपायात मोठा फरक आहे. बान्सीचा नियम फक्त मुलांसाठी होता. वडगावचा भोंगा मुलांसाठी वाजतो तसा वडिलांसाठीही वाजतो आणि आजीच्या मालिकेसाठीही. वडगावची वाट जास्त शहाणपणाची, ती याचसाठी. बाप सोप्यात बसून रील्स बघतोय आणि मुलाला मात्र आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलंय, हे कुठल्याच मुलाला पटत नाही.

ज्या घरात कॉम्प्युटर आहे, तिथे भोंग्याचं काम थोडंफार यंत्राकडूनही करून घेता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर मुलाचं वेगळं खातं उघडता येतं आणि ते मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टी या सोयीला जोडता येतं. मग कोणत्या वारी किती तास, किती वाजेपर्यंत, हे आईवडिलांना ठरवता येतं. नको त्या वेबसाइट अडवता येतात आणि मुलाने काय पाहिलं याचा गोषवारा मिळतो. वेबसाइटची ही गाळणी एज या ब्राउझरवर चालते. म्हणून बाकीचे ब्राउझर मुलाच्या खात्यात बंद ठेवावे लागतात. एक खबरदारी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. मुलाचं खातं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असता कामा नये. कॉम्प्युटरच्या सगळ्या किल्ल्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याकडे असतात आणि ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला कुलूप काय करणार?

कुलूप घालायची दुसरी जागा म्हणजे घराला वाय-फाय देणारा राउटर. आपण वेबसाइटचं नाव टाइप केलं की डीएनएस नावाची व्यवस्था टेलिफोन डिरेक्टरीसारखा तिचा पत्ता शोधून देते. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० पासून घरांसाठी अशी एक मोफत डिरेक्टरी चालवली आहे. अश्लील आणि घातक वेबसाइटचे पत्ते ती देतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरले की त्या वाय-फायवरच्या कॉम्प्युटर, टीव्ही, मोबाइल अशा सगळ्या उपकरणांना सहसा हीच गाळणी लागू होते. हे जमलं नाही तर इंटरनेट जोडून देणाऱ्या केबलवाल्याला सांगावं, त्याच्यासाठी हे दहा मिनिटांचं काम आहे.

पण इथेच गाफील राहू नये. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला की राउटर बाजूला पडतो. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची ये-जा आडवाटेने नेणारी सोय, वापरलं की गाळणी चुकवता येते. शिवाय यंत्राला तारतम्य नसतं, त्यामुळे कधी कामाची माहितीही अडकते. लहान मुलाला चुकून काही वाईट दिसू नये, एवढ्यासाठी ही कुलपं चांगली आहेत. पंधरा वर्षांच्या, डोकं चालवणाऱ्या मुलाला ती फार दिवस रोखू शकत नाहीत.

दक्षिण कोरियाने हा अनुभव देशपातळीवर घेतला. तिथे २०११ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ कॉम्प्युटरवरचे ऑनलाइन गेम कायद्याने बंद होते. मुलं आईवडिलांच्या नावाने आत शिरू लागली. पुढे खेळच मोबाइलवर गेले आणि या कायद्याने मोबाइलला हात लावला नव्हता. शेवटी २०२१ मध्ये सरकारने तो मागे घेण्याचं जाहीर केलं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली, पण जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती कंपन्यांनी घ्यावी, अशी तरतूद आहे. हे सगळं हवंच. पण संध्याकाळी सात वाजता घरात काय चालू आहे, हे कुठल्याही कायद्याला दिसत नाही.

आणि पडदा बंद झाल्यावर मुलाने करायचं काय? सांगलीशेजारच्या सातारा जिल्ह्यात याचं एक उत्तर आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं, स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जाणारं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य सरकारच्या या उपक्रमात गावातली घरं, देवळं, लॉज अशा २५ ठिकाणी सुमारे १५ हजार मराठी पुस्तकं ठेवली गेली. कुणीही यावं, बसावं, वाचावं. तिथे पुस्तक कपाटात कुलूपबंद नसतं, बसायच्या जागेशेजारीच असतं. कॉम्प्युटर घेताना पंचवीस-तीस हजार खर्चणाऱ्या घराने पाचशे रुपयांची गोष्टींची पुस्तकं आणि एक कॅरम बोर्ड आणावा, एवढं तरी भिलारकडून घ्यायला हरकत नाही.

कॉम्प्युटर असलेल्या घरांनी तो आजच आतल्या खोलीतून बाहेर सोप्यात आणावा, जाता-येता सगळ्यांची नजर पडेल अशा जागी. मुलाचं खातं वेगळं करावं, आणि ते का करतोय हे त्याला शेजारी बसवून सांगावं. नको ते काही दिसलं तर न घाबरता येऊन सांग, रागावणार नाही, हा शब्द द्यावा आणि पाळावा. ऑनलाइन फसवणूक किंवा धमकीचा प्रकार घडलाच, तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते कॉम्प्युटरशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. आणि संध्याकाळी सात वाजता घरातला पहिला मोबाइल आईने किंवा वडिलांनी बंद करावा.