डायरी एकच हवी

शेतकी खाते, वजनकाटा व हिशेब खाते यांना एकाच नोंदीवर काम करता यावे म्हणून आपण मोबाईलवरची नवी प्रणाली आणली आहे. चिटबॉयने बांधावर लागणीची तारीख भरली की तीच गट ऑफिसात आणि तोडणी कार्यक्रमात दिसते. तारीख चुकली की पाळी चुकते. वजनाच्या पावतीशी नोंद जुळली नाही की बिल अडते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे तर ते १४ दिवसांत द्यायचे असते.

पण मोबाईल दिला म्हणजे माणूस तो वापरतोच असे नाही. वर्षानुवर्षे खिशात डायरी बाळगलेल्या चिटबॉयला वाटते, हे आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय. शिवाय डायरीही लिहा, मोबाईलही भरा, हा दुहेरी ताप! त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून आम्ही ठरविले आहे की, ज्या गावची नोंद पडताळून झाली तिथली डायरी बंद. शिकवायला बाहेरचा साहेब नको. शेजारच्या गावचा जाणता चिटबॉयच बांधावर शिकवील. पहिल्या हंगामात भरताना चूक झाली तर मेमो नाही. मात्र दुरुस्ती कोणी, केव्हा केली हे नोंदीत राहील. (पाळी गुपचूप पुढे सरकवून घेणाऱ्यांना हे रुचणार नाही, त्याला इलाज नाही.)

आपण एवढे करावे: नोंद समोर उभे राहून भरून घ्यावी, सात-बाऱ्यावरचा गट नंबर व क्षेत्र वाचून पाहावे. आणि "आमचं तेवढं डायरीतच लिहून ठेव" असे कृपा करून कोणी सांगू नये.