दाढेचा खर्च कुणाच्या खिशातून?

विमा कंपनीने क्लेम नाकारल्याचे पत्र घेऊन सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणारी माणसे आता नवी राहिलेली नाहीत. त्यांना औषध नको असते, दाखला हवा असतो. ‘डॉक्टरसाहेब, अॅडमिट होणं गरजेचं होतं एवढंच लिहून द्या, म्हणजे पैसे सुटतील.’ न्यूमोनियाच्या किंवा डेंग्यूच्या क्लेमबाबत निदान जुने कागद चाळता येतात. दातांच्या पत्रात बहुतेक वेळा एकच ओळ असते: दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत. आणि त्याला टाचलेले दवाखान्याचे बिल पाहिले की दुसरेच भांडण बाहेर येते. सांगितले होते पाच हजार, झाले अठरा हजार.

ही दोन भांडणे वेगळी आहेत. एक दंतवैद्याशी, दुसरे विमा कंपनीशी. रागाच्या भरात माणसे ती एकत्र करतात आणि दोन्हीकडे हरतात.

आधी दवाखान्यातले. दातावरचे पांढरे टणक कवच, म्हणजे इनॅमल, त्याला संवेदना नसते. कीड तिथे आहे तोवर दुखत नाही, म्हणून आपण जात नाही. ती आतल्या थरात शिरली की थंड-गोड लागायला लागते आणि मधल्या मगजापर्यंत, जिथे नस आणि रक्तवाहिन्या असतात, पोहोचली की रात्रीची झोप उडते. यातली अडचण अशी की कीड नेमकी किती खोल गेली आहे हे एक्स-रेवर पूर्ण कळत नाही. एक्स-रे ही सपाट सावली असते, आणि प्रत्यक्षातली कीड सावलीपेक्षा बहुधा खोलच निघते. त्यामुळे ‘सिमेंट भरू’ म्हणून सुरू केलेले काम मध्येच रूट कॅनालवर जाणे, हे दरवेळी लबाडीचे लक्षण नसते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळे तीन असतात, पण आतल्या नलिका पुष्कळदा चार निघतात. चौथी शोधायला वेळ लागतो, कधी एक बैठक वाढते.

पण बिल वाढण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि त्याचा शरीरशास्त्राशी काही संबंध नाही. ‘रूट कॅनालचे पाच हजार’ या वाक्यात कॅप धरलेली आहे की नाही, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. रूट कॅनाल झालेली दाढ पोकळ आणि ठिसूळ होते, चावताना तडकू शकते, म्हणून दाढेला कॅप बहुतेक लागतेच. म्हणजे हा खर्च अनपेक्षित नव्हताच. पहिल्या दिवशीच माहीत असलेला खर्च होता, फक्त उच्चारला गेला नव्हता. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली की झिरकोनियाची, यावर रक्कम कितीतरी पटींनी बदलते. इम्प्लांटचे तर तीन भाग असतात: हाडात बसणारा स्क्रू, त्यावरचा जोड आणि वरचा दात. जाहिरातीतला आकडा अनेकदा फक्त स्क्रूचा असतो.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी एक कागद मागावा. साधा लेटरहेड चालेल. त्यावर दाताचा क्रमांक, आजचे निदान, ठरलेले काम, त्यात काय धरले आहे आणि काय नाही, आणि काम वाढले तर वरची मर्यादा किती, एवढे असावे. दाताचा क्रमांक हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या प्रत्येक वादात तोच कामाला येतो. जबड्याचे चार भाग करून प्रत्येक दाताला दोन आकडे दिलेले असतात. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजायचा. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. एस्टिमेटवर, एक्स-रेवर आणि बिलावर हा आकडा एकच असला पाहिजे. ‘दातांचे उपचार, एकूण रुपये इतके’ असे बिल भांडायला गेल्यावर रद्दीच्या भावाचे ठरते. दंतोपचारांसह वैद्यकीय उपचारांवर जीएसटी नसतो, तो बिलात दिसला तर कशाबद्दल लावला हे जरूर विचारावे.

काम मध्येच बदलत असेल तर थांबवून विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले, की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही. जीव धोक्यात असेल तरच अपवाद. त्या खटल्यातली शस्त्रक्रिया दातांची नव्हती, पण तत्त्व तेच आहे. तोंड सुन्न केलेल्या आणि जबडा उघडा ठेवून पडलेल्या माणसाने ‘हं’ म्हटले, याला मी तरी संमती म्हणणार नाही. दातात तात्पुरते औषध भरून दोन दिवसांनी बोलावणे जवळजवळ नेहमीच शक्य असते. फी उपचाराआधी सांगावी, उपचार अर्ध्यावर आल्यावर नव्हे, हे तर आमच्या व्यवसायाच्या आचारसंहितेतच लिहिलेले आहे.

हप्त्यांबद्दल थोडे. मोठ्या दवाखान्यांत ‘बिनव्याजी ईएमआय’ची सही उपचाराच्या पहिल्याच दिवशी घेतली जाते. ते फायनान्स कंपनीचे कर्ज असते. दवाखान्याला रक्कम आधीच मिळून जाते आणि उपचार मध्येच सोडले तरी तुमचे हप्ते चालूच राहतात. वर्षभर चालणाऱ्या तारा किंवा अलाइनरच्या उपचारांत तर टप्प्याटप्प्याने पैसे देणेच बरे.

आता विम्याकडे येऊ. आपल्याकडे दात आणि बाकीचे शरीर यांची फारकत फार जुनी आहे. शिक्षण वेगळे, पदवी वेगळी, १९४८ पासून कायदाही वेगळा. इतर देशांतही फार निराळे नाही. ब्रिटनने १९४८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली आणि तीन वर्षांत पैसे आकारायला सुरुवात केली ती कवळ्या आणि चष्म्यांपासून. विमा कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला.

आपल्या आरोग्य विम्याचा पाया ‘रुग्णालयात दाखल होणे’ हा आहे, म्हणजे सलग किमान २४ तास. मोतीबिंदूसारखी कमी वेळात होणारी कामे डे केअरमध्ये येतात, पण जे काम एरवी ओपीडीत होते ते तिथेही बसत नाही. दातांची बहुतेक कामे ओपीडीतलीच. त्यात विमा नियामकाने दंतोपचाराची जी प्रमाणित व्याख्या केली आहे ती बरीच ऐसपैस आहे: दात आणि दातांना आधार देणाऱ्या रचना यांचे सर्व उपचार, तपासणी, फिलिंग, कॅप, दात काढणे आणि शस्त्रक्रियासुद्धा. त्यामुळे आडव्या अक्कलदाढेची शस्त्रक्रिया कितीही अवघड असली, तरी अनेक पॉलिसी तिला बाहेर ठेवतात. अपवाद सहसा अपघाताचा असतो, तोही दाखल व्हावे लागले तरच. २०२० पासून सर्व कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी थोडी उदार आहे. तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे गरजेचे झालेले दंतोपचार धरले आहेत, मात्र रुग्णालयात दाखल होण्याची अट आहेच. म्हणजे नेहमीच्या रूट कॅनालला तिचाही उपयोग नाही.

या रचनेतला विरोधाभास फिजिशियन म्हणून मला वरचेवर दिसतो. खालच्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू वेळेत बाहेर काढला तर काम दवाखान्यात होते आणि विमा एक रुपया देत नाही. तोच पू जिभेखाली आणि मानेत उतरला की लुडविग्ज अँजायना नावाचा आजार होतो. जिभेखालची जागा दगडासारखी कडक होते, जीभ वर ढकलली जाते, श्वास कोंडू लागतो. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना याचा धोका जास्त. मग अतिदक्षता विभाग, कधी गळ्याला छेद देऊन श्वासनलिका मोकळी करणे, शिरेतून प्रतिजैविके. हे बिल मात्र विम्यात बसते, निदान बसायला हवे.

‘बसायला हवे’ अशासाठी म्हणतो, की इथेही ‘मूळ कारण दात’ म्हणून क्लेम फेटाळल्याची पत्रे येतात. माझ्या मते हा अर्थ चुकीचा आहे. मानेच्या पोकळ्या म्हणजे दाताला आधार देणाऱ्या रचना नव्हेत. अशा वेळी सगळे काही डिस्चार्ज कार्डावर अवलंबून असते. ते कार्ड बहुधा सर्वात तरुण डॉक्टर रात्रपाळी संपवून लिहीत असतो. त्याने ‘दाढ काढली, सूज कमी, घरी सोडले’ एवढेच लिहिले तर कंपनीला आयते कारण मिळते. खोटे काही लिहायचे नाही. पण मानेतला जंतुसंसर्ग, तोंड किती उघडत होते, श्वासाला असलेला धोका, सीटी स्कॅन, छेद घेऊन काढलेला पू, किती दिवस शिरेतून औषधे, हे सगळे खरेच घडलेले असते. ते लिहून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि घरी जाण्याआधी मागावे. तीन महिन्यांनी दाखला मागायला आलेल्याला मी तेव्हाच्या नोंदींपलीकडे काही देऊ शकत नाही.

अपघातात याहून सोपी गोष्ट निसटते. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचे डोके, छाती, पोट आधी बघतात, आणि ते बरोबरच आहे. मांडीचे हाड मोडलेले असते. पुढचे दोन दात तुटले आहेत, हे कोणी लिहीत नाही, कारण त्याने कोणी मरत नाही. दोन महिन्यांनी तो माणूस दात बसवून घेतो, बिल पाठवतो आणि कंपनी विचारते: दात अपघातात तुटले याची नोंद कुठे आहे? नोंद नसते. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाने पहिल्या चोवीस तासांत डॉक्टरांना एवढेच म्हणावे, ‘दात तुटलेत, तेही केसपेपरवर घ्या.’ शक्यतो त्याच दाखल काळात दंतविभागाकडून तपासून घ्यावे. सुटी झाल्यानंतरचा खर्चही ठरावीक दिवसच मिळतो. आरोग्य संजीवनीत ६० दिवस. हिरडी आणि हाड भरून येऊन कायमचा दात बसेपर्यंत ते सहज उलटून जातात.

नोकरीतल्या गटविम्यात किंवा ओपीडी कव्हरमध्ये दातांसाठी वेगळी रक्कम असते, तिथे मर्यादा किती आणि सौंदर्योपचारांना काय म्हटले आहे ते वाचावे. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांच्या सीजीएचएसमध्ये दंतोपचारांचे दर ठरलेले आहेत, पण अनेकांना ते माहीत नसते. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांच्या प्रवास विम्यात साधारणपणे अचानक उठलेल्या दुखण्यापुरतीच तरतूद असते, तीही तुटपुंजी. तिथे जाऊन कॅप बसवायचा बेत असेल तर तो इथेच उरकून जावे.

क्लेम नाकारला गेलाच, तर फोनवर वाद घालू नये. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागावे. २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकानुसार कंपनीने पॉलिसीतली नेमकी अट सांगितली पाहिजे, आणि कंपनीतल्या समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आणि बिमा भरोसा पोर्टल त्यासाठीच आहेत. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत.

दंतवैद्याशी असलेले भांडण लोकपालांकडे जात नाही, आणि तिथेच बरेच जण वर्ष घालवतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. राज्य दंत परिषद वर्तनाची चौकशी करते, पैसे परत मिळवून देत नाही. त्याआधी दुसऱ्या दंतवैद्याकडून तोंड तपासून लेखी मत घ्यावे. पुष्कळदा त्यातून कळते, की काम ठीकच झाले होते, फक्त आकडा आधी सांगितला नव्हता. अशा वेळी ते मत आणि पहिले एस्टिमेट समोर ठेवून बोलणी केली, तर बिल कमी होण्याची शक्यता चांगली असते.

आणि ज्यांना विमाच नाही, त्यांच्यासाठी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय, इथे हीच कामे खासगीच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत होतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात, पण वरिष्ठांच्या देखरेखीखाली. रांग लांब असते आणि एका रूट कॅनालला चार-पाच फेऱ्या होतात. सकाळी केसपेपरची खिडकी उघडायच्या आधी पोहोचावे, जुने एक्स-रे आणि मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांची यादी सोबत न्यावी. ती गोळी मात्र दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये.