लहान ट्रॅक्टरची नित्यकर्मे

ट्रॅक्टर म्हटला म्हणजे विस्तीर्ण रान नांगरणारे धूड डोळ्यांपुढे उभे राहते. नाशिककडील द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींमधून वाट काढणाऱ्या लहान ट्रॅक्टरला मात्र नांगरटीचे काम क्वचितच पडते. शेणखत वाहावे, तण मोडावे आणि मुख्यतः औषध फवारावे, हीच त्याची नित्यकर्मे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस वा दव पडले की केवडा रोगाच्या भयाने फवारणी लांबवता येत नाही, आणि घाई होते ती तेव्हाच.

ह्या कामाचे मर्म ट्रॅक्टरच्या पाठीमागे फिरणाऱ्या दांड्यात आहे. इंजिनाची शक्ती फवारणी यंत्राला पोहोचवणाऱ्या ह्या योजनेला शेतकरी पीटीओ म्हणतात. तिचा रूढ वेग मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा वा पदराचे टोक त्यात सापडले, तर काही सुचण्याआधीच वस्त्रासकट माणूस ओढला जातो. म्हणून दांड्यावर आवरण असते. पण ग्रीस देताना अडचण होते, एवढ्यासाठी तेच काढून ठेवणारे महाभागही असतात! बैल धन्याचा आवाज ऐकून थबकतो. हा दांडा शक्ती तोडल्यावरही क्षणभर फिरतच राहतो. अडकलेली फांदी काढायची, ती इंजिन बंद करून आणि दांडा पुरता थांबल्यावरच.